मुतारीची किल्ली

दहावीच्या वर्षी मी सकाळी पाणी पीत नसे. आई पिऊ देत नसे, असं म्हणणं जास्त खरं. शाळेच्या दिवशी मला ताक नाही, चहा अर्धा कप, आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. घरात हुलग्याची शेंगोळी केली असली तर आई माझ्या ताटलीत नुसती शेंगोळी काढायची आणि वरचा रस्सा माझ्या दोन्ही भावांच्या ताटलीत ओतायची. ठेचा खाऊन तोंड भाजलं आणि मी तांब्याला हात घातला की चुलीपुढून आवाज यायचा, "घोटभर घे आन् ऊठ. शाळंत पंचाईत हुईल." तिचा आवाज रागाचा नसायचा. केस विंचर, वेणी घाल, तसंच हे एक. मोठी सुट्टी होईपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि सुट्टीनंतरचे चार तास मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत काढायचे किंवा पोट दुखतंय असं सांगून घरी पळायचे. आता सत्तरी जवळ आली, तरी सुना म्हणतात, आई, तुम्ही पाणी फार कमी पिता. मी त्यांना कारण सांगत नाही. सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि नातवंडं घाबरून बघतात.

आमचं गाव भीमेच्या काठाला, वडगाव रासाईपासून लांब नाही. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर वाचणारा म्हणेल, ती शाळा तशी होती, आमची बरी आहे. आजोबांच्या काळापर्यंत आमचं घर मेंढरांमागं फिरत होतं. वडलांनी, म्हणजे आप्पांनी, नदीवर इंजिन बसवलं, ऊस लावला, आणि आमच्या भावकीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. मेंढरं विकली, पण पाच-सहा परसात राहिली, कारण त्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकल्याशिवाय आप्पांना झोप लागायची नाही. सकाळी नदीकडून इंजिनाची धडधड, परसात घंट्या, आणि ओसरीवर आप्पा मोठ्यानं पेपर वाचतायत, एकेका शब्दावर बोट ठेवून, अशी माझ्या आठवणीतली घरातली सकाळ. ते चौथीपर्यंत शिकलेले. मुलीला शिकवायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. भावकीतले लोक म्हणाले, पोरगी वाढली, आता बघा कुठं, तेव्हा आप्पांनी त्यांना सांगितलं होतं, "कौशी म्याट्रिक हुईल, मग बोला." गावातल्या हायस्कूलच्या शाळा समितीचे ते अध्यक्ष होते. हे सगळं आधी सांगते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात आप्पांना वाईट माणूस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते वाईट असते तर मला इतका राग आला नसता.

शाळेच्या मागं, बाभळीच्या कडेला, दोन खोल्यांची मुतारी होती. निळे दरवाजे, वर सिमेंटचा पत्रा, भिंतीवर 'मुलींसाठी' असं रंगानं लिहिलेलं. दरवाजांना कुलूप. किल्ली हेडसरांच्या ऑफिसात, त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर. कारण एकच सांगितलं जायचं: तपासणीला साहेब येतात, त्यांच्यासाठी ती स्वच्छ ठेवावी लागते, पोरींना दिली तर पोरी घाण करतात. मुलं शाळेच्या कोणत्याही भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. आमच्या वर्गात अकरा मुली होत्या. गावातल्या मुली मोठ्या सुट्टीत घरी जायच्या आणि निम्म्या परत यायच्या नाहीत. वस्तीवरून चालत येणाऱ्या कळ काढायच्या. आणि गणित होतं सुट्टीनंतर, सहाव्या आणि सातव्या तासाला, कारण आधीचे गणिताचे सर सकाळी उसाला पाणी देऊन दुपारी उगवायचे. त्यांच्या उसासाठी वेळापत्रक तसं झालं आणि ते बदली होऊन गेले तरी तसंच राहिलं. दर वर्षी निकाल लागला की हेडसर मान हलवून म्हणायचे, पोरींना गणित झेपत नाही. आम्हीही तेच म्हणायचो. आम्हाला ते खरं वाटायचं, याचा मला आज जास्त संताप येतो.

भालेराव बाई आमच्याकडं त्या वर्षी आल्या, तात्पुरत्या नेमणुकीवर, गणित आणि विज्ञान शिकवायला. दौंडच्या. वडील रेल्वेत रुळावर कामाला, घर भीमनगरात. दौंडहून केडगावपर्यंत गाडीनं आणि पुढं मिळेल त्या वाहनानं यायच्या. कधी दुधाचा टेम्पो, कधी ट्रॅक्टरची ट्रॉली. उंच, काळ्यासावळ्या, आवाज खणखणीत. प्रेमळ वगैरे नव्हत्या. चुकलं की खडू फेकून मारायच्या आणि नेम चुकायचा नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी असं काही केलं जे कोणी केलं नव्हतं. मोठ्या सुट्टीनंतर त्यांनी परत हजेरी घेतली, शाळेच्या हजेरीपटावर नाही, स्वतःच्या वहीत. आठवडाभर रोज घेतली. शनिवारी ती वही टेबलावर उघडी ठेवली आणि म्हणाल्या, "सकाळी अकरा मुली. दुपारी कधी चार, कधी पाच. का?"

मला विचारलं. मी म्हटलं, पोट दुखत होतं. दुसरीला विचारलं, तिचंही पोट. बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं पोट एकाच वेळी दुखतं? खाता काय तुम्ही?" मुलं हसली. तेव्हा शेवटच्या बाकावरून हिरा उठली. हिरा माझी मैत्रीण. वस्तीवरून तासभर चालत यायची. तोंडी हिशोबात ती सगळ्या वर्गाच्या पुढं होती, आणि तिला भीड म्हणून नव्हती. ती म्हणाली, "बाई, मुतायला कुठं जायाचं?"

मुलं हसायला लागली ती थांबेनात. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी वही मिटली, हिराला "बस" म्हणाल्या, आणि तास अर्धवट सोडून ऑफिसात गेल्या. व्हरांड्यातून आम्हाला हेडसरांचा आवाज ऐकू येत होता, बाईंचा नाही. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते. फळ्यावर त्यांनी आमचं वेळापत्रक लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

सोमवारपासून गणित पहिल्या दोन तासांना आलं. मराठीच्या म्हाताऱ्या गुरुजींशी त्यांनी परस्पर तास बदलून घेतले होते. गुरुजी म्हणाले, कविता काय, दुपारीही म्हणता येते. विज्ञान तिसऱ्या तासाला. आणि बाईंनी नियम केला की सुट्टीनंतर त्या नवीन काहीही शिकवणार नाहीत. दुपारी त्यांच्याकडं उरलेल्या एका तासाला फक्त सराव, जे वर्गात उरलेत त्यांचा. जी मुलगी दुपारी थांबली तिनं दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं, न थांबलेलीला ते उदाहरण समजावून द्यायचं. समजावता आलं नाही तर दोघींनी उभं राहायचं. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण शिकवायला शिकले ती त्या दहा मिनिटांत. हिरा कधी सुट्टीतच घरी गेली असली, तर तिला समजावून सांगणं म्हणजे परीक्षाच असायची. ती मधेच म्हणायची, "व्हय, पर का?" आणि त्या 'का'चं उत्तर मला आलं नाही की बाई खिडकीशी उभ्या राहून मुकाट्यानं बघायच्या.

मग वही आली. वर्गात एकच, जाड पुठ्ठ्याची. रोज दोघांनी त्या दिवशीचा धडा तिच्यात लिहायचा, स्वतःच्या भाषेत. बाई म्हणाल्या, "पुस्तकातली वाक्यं उतरवलीत तर पान फाडीन. घरी बोलता तसं लिहा." त्या वहीत पायथागोरस असा होता: 'शिडी भितीला लावली तर शिडी म्हंजी कर्ण. शिडी कवाबी भितीपरीस लांबच आसती.' जो कोणी गैरहजर असेल त्यानं ती वही घरी न्यायची. पण आम्हा मुलींची त्यात आणखी एक अडचण होती. महिन्यातले चार दिवस आम्ही बाहेर बसायचो. आमच्या घरी परसात मेंढरांच्या कुडाला लागून एक आडोसा होता, तिथं माझी वाकळ. त्या चार दिवसांत वही-पुस्तकाला शिवायचं नाही, विद्येला विटाळ होतो म्हणून. हे बाईंना सांगायला मला पंधरा दिवस लागले. सांगितलं तेव्हा त्या क्षणभर इतक्या चिडल्या की मला वाटलं, आता मलाच मारतात. मग म्हणाल्या, "जमिनीला विटाळ होतो का?"

"न्हाई."

"मग जमिनीवर काढा."

त्यानंतर मी बाहेर असले की हिरा घरी जाताना आमच्या परसाबाहेर थांबायची. हातात बाभळीची काटकी. मातीत ती त्रिकोण काढायची, मी आडोशातून बघायची, आणि कोनाचं नाव ओरडून सांगायची. आई भांडी घासता घासता हे बघत राहायची. तिला आडवं यायला काही सापडत नव्हतं. वही नाही, पुस्तक नाही, पोरी नुसत्या मातीत रेघा ओढतायत. एकदा मात्र ती हिराला म्हणाली, "ही कसली गं रांगुळी काढता?" हिरा म्हणाली, "काकी, ह्ये परमेय हाय." आईनं तो शब्द मनाशी दोनदा म्हणून पाहिला.

दिवाळीनंतरच्या चाचणीत अकरापैकी आठ मुली गणितात पास झाल्या. हेडसरांनी पेपर स्वतः परत तपासले. कुणी विचारलं नव्हतं, तरी तपासले. मग आठच राहिल्या.

भांडण पेटलं ते विज्ञानावरून. मूत्रपिंडांचा धडा होता. बाईंनी फळ्यावर दोन घेवड्याचे दाणे काढले, ते काय करतात ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्यापैकी जे पाणी पीत नाहीत त्यांच्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. जळजळ होते. ताप येतो. हे दुखणं अंगावर काढायचं नाही." मागून एका मुलानं मान खाली घालून विचारलं, आम्ही बाहेर जाऊ का? बाई म्हणाल्या, "का? तुला मूत्रपिंडं नाहीत?" मुलींसमोर आणि मुलांसमोर एकाच वेळी, दारं उघडी ठेवून, त्यांनी तो धडा पूर्ण शिकवला. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं की दौंडची बाई वर्गात घाणेरडं बोलते. आठ दिवसांत अर्ज तयार झाला. वेळापत्रक परवानगीशिवाय बदलले, वर्गात अश्लील शिकवले, मुलींना उद्धट केले. पालकांच्या सह्या आणि अंगठे. पहिली सही आप्पांची होती. त्यांची सही मला पाठ होती. शेवटच्या अक्षराची रेघ ते पानाच्या कडेपर्यंत ओढायचे.

रविवारी बैठक झाली, आमच्याच ओसरीवर. हेडसर, समितीचे तिघं, आप्पा, आणि बाईंना बोलावलेलं. आईनं दुधाचा चहा केला आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, सगळ्यांचं बोलणं संपायची वाट बघत. बाईंना सतरंजीच्या कडेला बसवलं होतं. बाकीच्यांसाठी खुर्च्या होत्या. त्या अर्जाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं म्हणणं एकच आहे. मुलींसाठी बांधलेली मुतारी मुलींना उघडून द्या. मी वेळापत्रक जसं होतं तसं करते."

हेडसर म्हणाले, "पाणी कोण भरणार? साफ कोण करणार? शिपाई एक आहे."

आणि आप्पा हसत हसत म्हणाले, "बाईच ठेवतील की साफ. त्यास्नी सवय आसंल."

बाकीचे हसले. फार मोठ्यानं नाही. आपल्यातलं बोलल्यावर हसतात तेवढंच. मला वाटलं होतं बाई उठून जातील किंवा रडतील. त्यांनी आप्पांकडं सरळ बघितलं.

"आप्पा, माझे वडील रुळावर काम करतात, आई शिवण करते. सवय कोणाच्याच घरात नाही. पण साफ करायचं तर करू. सोमवारी मी करते, मंगळवारी हेडसर, बुधवारी तुम्ही. वार लावून घेऊ. किल्ली द्या, आजच सुरुवात करते."

मग हेडसरांनी खिशातून किल्ली काढली, आणि बाईंच्या पुढं नाही, आप्पांच्या पुढं ठेवली. "ही आता अध्यक्षांकडंच राहू द्या. म्हणजे वाद नको." आप्पांनी ती उचलली. मी चहा दिला. सगळ्यांना दिला. बाईंना आईनं वेगळा कप काढला होता, कान तुटलेला, तो मी त्यांच्यापुढं ठेवला. मला तो कप ओळखू येत होता. मी काही बोलले नाही. बाईंनी चहा घेतला नाही, मला म्हणाल्या, "उद्या सहावं उदाहरण करून ये," आणि चपला घालून निघाल्या. त्या ओसरीवरच्या प्रत्येक माणसावर मी आजवर रागावत आले आहे, आणि उंबऱ्यातल्या त्या पोरीवर सगळ्यांत जास्त.

मंगळवारी दुसऱ्या तासाला हिरा बाकावरच थरथरायला लागली. दात वाजत होते. आठ दिवस तिची पाठ दुखत होती, हे मला माहीत होतं. जळजळ होते, हेही तिनं मला सांगितलं होतं आणि हसून म्हणाली होती, "बाईचा च्या झालाय बघ." आम्ही दोघीही मोजत होतो, परीक्षेला महिनाच आहे म्हणून. बाईंनी तिला उचलली, अक्षरशः उचलली, आणि दुधाच्या टेम्पोतून दौंडला नेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलाय. बाई दोन दिवस तिच्याजवळ राहिल्या. हिराचे वडील आले ते डॉक्टरांना विचारायला लागले, ही लगीनाला चालंल ना?

त्या गुरुवारी मी किल्ली घेतली. ती देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला होती, आप्पांच्या पेपरच्या चष्म्याशेजारी. आप्पा नदीवर गेले होते. मी हात वर केला तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि परत परातीकडं वळली. थापायचा आवाज थांबला नाही. ती पुढं पन्नास वर्षं जगली, पण त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मोठ्या सुट्टीत मी सगळ्या मुलींना घेऊन मागं गेले. कुलूप गंजलं होतं. खोबरेल तेल घालून, दोन्ही हातांनी पिळून ते उघडलं. पहिल्या खोलीत छपरापर्यंत सिमेंटच्या गोण्या. दगड झालेल्या. वर हेडसरांच्या जुन्या सायकलची चाकं. दुसऱ्या खोलीत पांढरं भांडं बसवलेलं होतं, आणि त्यात पेंढा होता. गाडीतून आणताना फुटू नये म्हणून भरतात तो पेंढा. तो काढलाच नव्हता. त्यात उंदरीनं पिल्लं घातली होती. नळ नाही, टाकी नाही, खाली खड्डा नाही. भांड्याखाली नुसती जमीन होती. आम्ही दहाजणी दारात उभ्या राहिलो. कुठले साहेब आणि कुठली स्वच्छता. पोरी घाण करतात म्हणून इतकी वर्षं ज्याला कुलूप लावलं होतं ती मुतारी नव्हतीच. इतक्या वर्षांत गावातल्या एकाही माणसाला दार उघडून बघावंसं वाटलं नव्हतं. आमच्या घरातल्या माणसालासुद्धा नाही, आणि किल्ली तर त्यांच्याकडं होती.

माझ्यामागं आमच्यातली सगळ्यांत धाकटी मुलगी रडायला लागली. तिला खरंच जायचं होतं. आम्ही चारजणींनी ओढण्या धरून बाभळीमागं आडोसा केला. सुट्टी संपायच्या आत सगळ्या जाऊन आल्या. दरवाजा मी सताड उघडा ठेवला.

दुपारपर्यंत सगळ्या गावानं तो पेंढा बघितला. संध्याकाळी आप्पांनी मला ओसरीवर बोलावलं. हेडसर बसलेच होते. त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं, "किल्ली मी घेतली."

आप्पा म्हणाले, "तू न्हाई घेतली."

"मीच घेतली, आप्पा. आतमंदी काय हाय ते बघितलं का तुमी?"

"तुला बाईनं शिकवलं. तुझ्या डोक्यातलं न्हाई ह्ये."

"बाई दौंडला हिराजवळ व्हत्या. त्यास्नी म्हायतीबी न्हाई."

"गप बस," आप्पा म्हणाले. हेडसर कागदावर लिहीत होते. मी केलेली एकुलती एक धाडसाची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर बाईंच्या नावावर लिहिली गेली, गुन्हा म्हणून. त्यांना मुलगी निर्दोष हवी होती आणि बाई दोषी हवी होती, आणि दोन्ही एकाच कागदात होत होतं. मी ओरडले, तेव्हा आप्पांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच. नंतर ते स्वतःच परसात जाऊन मेंढरांत बसले.

सोमवारी संस्थेचं पत्र आलं. उद्यापासून येण्याची आवश्यकता नाही. बाईंनी पहिले दोन तास घेतले, पूर्ण घेतले, आणि मग पर्स उचलली. मी फाट्यापर्यंत त्यांच्यामागं पळत गेले. म्हणाले, बाई, माफ करा, माझ्यामुळं झालं. त्या माझ्यावर भडकल्या. "तू कशाला माफी मागतेस? ज्यांनी मागायची ते तिकडं चहा पितायत. रडू नको. वही कुणाकडं आहे?"

"माझ्याकडं."

"मग उद्या पहिल्या तासाला फळ्याशी तू उभी राहा. वर्तुळ राहिलंय." ट्रॅक्टर थांबला, त्या ट्रॉलीत चढल्या. उसाच्या मोळ्यांवर बसून गेल्या.

वर्तुळ मी शिकवलं. महिनाभर मीच शिकवत होते, मुलांनाही. बोर्डाच्या परीक्षेत सात मुली गणितात पास झाल्या. हिरा परीक्षेला बसली नाही. तिचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, पाटसकडं दिली. ती आता आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दौंडला जाते. तिचा नातू मोटरसायकलवरून आणतो. डॉक्टर म्हणतात, इतक्या जुन्या दुखण्याचा आता संबंध लावता येत नाही. त्यांना लावता येत नसेल.

निकालाच्या दिवशी आप्पांनी पेढे आणले आणि ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला सांगायला लागले, माझ्या पोरीला गणितात शंभरात ब्याण्णव. मी माणसांसमोर म्हटलं, "भालेराव बाईंनी शिकवलं." आप्पांच्या हातातला पेढा हातातच राहिला. त्यानंतर त्यांनी मला दौंडच्या कॉलेजात पाठवलं, पुण्याला बी.एड.ला पाठवलं, लग्नात काही कमी केलं नाही. पण त्या एका वाक्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि त्या एका संध्याकाळबद्दल मी कधी बोलले नाही. शेवटच्या आजारात मी सहा महिने त्यांच्या उशाशी होते. आता म्हणतील, आता म्हणतील असं मला वाटायचं. ते उसाबद्दल बोलले, मेंढरांबद्दल बोलले.

बाईंना परत नोकरी लागायला फार वर्षं गेली. त्या दौंडला घरीच रेल्वेवाल्यांच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. मी जायची, तेव्हा मला कधी बस म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, या चौघांना घे, मी त्या चौघांना बघते. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या.

गेल्या हिवाळ्यात शाळेतून फोन आला. आताचे मुख्याध्यापक तरुण, बोलायला नम्र. शाळेचा मोठा वर्धापनदिन आहे, मॅडम, माजी विद्यार्थिनी म्हणून तुमचा सत्कार करायचाय. मी गेले. नवी इमारत, फरशी, मुलींसाठी टाकी आणि नळ असलेली स्वच्छतागृहं. मी जाऊन नळ सोडून बघितला, पाणी आलं. मला बरं वाटलं, ते मी नाकारत नाही. मग त्यांनी मला व्हरांड्यातला संगमरवरी फलक दाखवला. शाळेत आजवर शिकवलेल्या सगळ्या शिक्षकांची नावं. हेडसर सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत. उसाला पाणी देणारे सर होते. शिपायांचीही नावं होती. मी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

"भालेराव बाई कुठं आहेत?"

मुख्याध्यापकांनी यादी मागवली, बोट फिरवलं. "मॅडम, त्या जेमतेम आठ महिने होत्या. तात्पुरत्या. कायम सेवेतलेच घेतलेत."

"नाव घाला."

"संस्थेला विचारावं लागेल. आता कार्यक्रम आहे ना, नंतर बघू."

मी म्हटलं, मग सत्कारही नंतर बघू. मी मंचावर गेले नाही. ते दोनदा बोलवायला आले, मग माझ्याशिवाय सुरू केलं. मी मागच्या रांगेत दहावीच्या मुलींमध्ये बसून शेवटपर्यंत सगळी भाषणं ऐकली. दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर शाल आणि श्रीफळ घरी आलं. मी ते तसंच परत पाठवलं, वर एक कागद टोचून. त्यावर बाईंचं पूर्ण नाव लिहिलं, पदवी लिहिली, विषय लिहिला, आणि खाली माझा फोन नंबर. नाव कोरलं की कळवा म्हणून.

अजून फोन आलेला नाही.